अँब्युलन्समधलं बिऱ्हाड

वर्धेच्या बसस्थानकावर हर्षा आंजीच्या बसची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर बाजारोबाजार खेळणी विकणारं एक म्हातारं जोडपं होतं. बाईच्या आवाजात धास्ती होती.

"महिना सरला का खोली खाली कराची हाये, अन् तुमी जुनी अँब्युलन्स पाहून आले?"

"दुसरी गाडी आपल्याले परवडत नाई, शकू. हिच्यात दोघं पाय लांब करून झोपू. जिथं बाजार, तिथं घर."

"अन् त्यात कोणी मेलं असन तं? मले झोप लागन का?"

"कोणी नाई मेलं. डायव्हरले मी पहिले तेच विचारलं. तू विचारशीन, मले मालूम होतं."

"मंग कोणाले नेत होते?"

"बाळंतपणाच्या बायांले. दोन लेकरं तं गाडीतच झाले म्हणे. एक गिरडच्या चढावर."

"अगं बाई! सुखरूप?"

"एकदम. ते पोरगी आता शाळेत जाते."

बाईनं पदरानं कपाळ पुसलं आणि ती मोकळं हसली.

"मंग संगंच काऊन नाई आणली?"

"तुले विचारल्याबिगर कशी आणू?"

"उठा मंग! दुसऱ्या कोणी नेली तं?"

"अवं, आपली बस लागून राह्यली ना!"

"जाऊ द्या तिले. आपण आपल्या घरानं जाऊ."

म्हाताऱ्यानं खेळण्यांचं एक पोतं खांद्यावर घेतलं. दुसरं हर्षानं उचलून बाईच्या डोक्यावर दिलं.