दीपगृह कुणाला विचारून काढलं

नाही, जसाच्या तसा नाही मिळणार — आणि मिळाला तरी त्याचं करणार काय तुम्ही? गेल्या रविवारी कार्डांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी पडद्यावर काय दाखवली, तेव्हापासून जो उठतो तो दुकानात येऊन म्हणतो, त्या पोराचा डेक द्या, जसाच्या तसा. अहो, दुसऱ्याचा चष्मा घालून दिसतं का कुणाला? बसा त्या स्टुलावर, काचेवर हात टेकू नका, काच तडकलीय. हं. तर सगळे नुसते साठ कार्डं, साठ कार्डं करतात. साठ चांगली कार्डं निवडून एकत्र ठेवली की ती गर्दी झाली, डेक नाही झाला. डेक म्हणजे — कसं सांगू — एकेक कार्ड उचलायचं आणि त्याला विचारायचं, बाबा रे, समोरच्यानं माझं सगळं मोडून टाकलंय, हातात तू एकटाच उरलायस, तर तू काय करशील? ज्याला उत्तर देता येत नाही ते काढायचं. मग ते कितीही चकचकीत असो, कितीही लाडकं असो. मी तशीच काढते. काही काही तर काळजावर दगड ठेवून काढलीयत.

मी म्हणजे मीच. तुम्हाला काय वाटलं, त्यानं बांधला? तो माझा धाकटा भाऊ आहे. सख्खा. हो, तोच, पडद्यावरचा — बघा, कसे सरसावून बसलात लगेच. तो खेळतो, मी बांधते, हे पहिल्यापासून असंच. मला नाही खेळता येत लोकांसमोर. डोकं फिरतं माझं. समोरचा जरा जास्त विचार करत बसला की वाटतं टेबल उलटवावं, एकदा उलटवलंही होतं, ते सोडा. त्याचं तसं नाही, तो बर्फासारखा बसतो. म्हणून मी मागे, तो पुढे, आणि मला त्यात काही वाटत नव्हतं, खरंच नव्हतं — पण मग उपांत्य फेरी जिंकल्यावर त्या माईकवाल्यानं विचारलं, हा डेक कुणाची कल्पना? तर हा म्हणतो, आमच्या संघाची. संघाची. त्या संघात जाऊन याला जुम्मा जुम्मा आठ दिवस झालेत. माईकवाला म्हणाला, आणि तुमच्या ताई, त्यांचंही नाव ऐकलंय आम्ही — तर हसला, आणि म्हणाला, ताई दुकान बघते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पडदाच बंद केला, पुढची दुसरी उपांत्य फेरीसुद्धा बघितली नाही मी.

दुकान बघते म्हणे. बघा तुम्हीच काय आहे दुकान. वह्या, पेनं, फायली, ते झेरॉक्स मशीन — बाबांचं होतं हे सगळं, कार्डांचं कपाट मी आणलं नंतर. आई अजून म्हणते, पत्ते कुटायला काढलंय दुकान. आणि ते मशीन दिसतंय ना, त्याच्यावर शिकलाय तो सगळं. खरी कार्डं एवढाली कुठून आणायची सरावाला? मी झेरॉक्स काढायची, कात्रीनं कापायची, जुन्या कार्डांवर ठेवून प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये सरकवायची, आणि मागच्या खोलीत त्या टेबलावर बसायचं. तो शाळेतून, नंतर गोदामातल्या नोकरीवरून यायचा, तेव्हा दोन डेक तयार असायचे. तो आला नाही तर मी एकटी खेळायची, डावा हात विरुद्ध उजवा हात. हसू नका. उजव्याला जिंकवायचा मोह होतो माणसाला, तो आवरला की डेक बांधता येतो.

आणि तुम्ही जो डेक मागताय ना, पडद्यावर बघितलेला, तो तर तो उद्या खेळणारच नाहीये. हो. उद्याच्या फायनलसाठी नवी यादी द्यायची मुभा होती, काल संध्याकाळी यादी बंद झाली, आज ती जाहीर झाली, आणि त्या यादीत दीपगृहाचं कार्ड नाही. एकही नाही. सगळी काढली, आणि त्या जागी आणखी भालेकरी भरले. कुणाला विचारून काढली? संघाच्या कप्तानाला. तुम्हाला कळतंय का काय केलं त्यानं ते? थांबा, सांगते, नाहीतर म्हणाल बाई उगाच करवादतेय.

तो डेक कसा चालतो — भालेकरी स्वस्त, पहिल्या पाळीपासून टेबलावर उतरतात, समोरच्याचे वीस प्राण खात सुटतात. तीन पाळ्यांत समोरचा लंगडा झाला पाहिजे. झाला तर उत्तम. पण नाही झाला तर? समोरचा चिवट निघाला, चौथ्या पाळीपर्यंत तगला आणि त्यानं महापूर टाकला — महापूर म्हणजे टेबलावरचं सगळं साफ, त्याचंही, तुमचंही — मग तुमच्याकडे काय उरलं? हात रिकामा, कारण तुम्ही धडाधड सगळं खाली टाकून बसलाय. तेवढ्यासाठी दीपगृह. ते लढत नाही, मारत नाही, महापुरात वाहून जात नाही, नुसतं बसून राहतं आणि दर पाळीला डेकमधली वरची तीन कार्डं बघून हवं ते उचलू देतं. दिसायला अगदी मंद. ज्याला डेक कळत नाही तो सगळ्यात आधी तेच काढतो.

आता म्हणाल, मोठा संघ आहे, त्यांना कळत नाही का? नाही कळत. कारण तिथं सगळे एकमेकांशीच खेळतात. सगळे त्याच घाईचे डेक घेऊन, एकमेकांवर तुटून पडतात, दोघांतला एक जण तिसऱ्या पाळीत मरतो. चौथी पाळी येतच नाही त्यांच्याकडे. मग दीपगृह हातात नुसतं पडून राहतं आणि कप्तान म्हणतो, बघ, हे कार्ड कधी उपयोगाला येत नाही. अहो, तुमच्या घरात येत नाही. बाहेर कुणीतरी बसलंय ना, चिवट, शांत, ज्याला घाई नाही — त्याचं काय? आपल्याच पाच जणांत सराव केला की आपल्यालाच ओळखायला शिकतो माणूस. हे मी त्याला मागच्या खोलीत शंभरदा सांगितलंय.

काय? हरवायचं कसं? सोपं आहे आता, बोळ्यानं दूध पिणाऱ्यालाही जमेल. महापूर एका डेकात चार चालतात, चारही ठेवायचे, एक कमी नाही. आणि दोन भालेकरी दिसले की घाबरून टाकायचा नाही, तिथंच सगळे फसतात. प्राण जाऊ द्यायचे. दहा जाऊ द्या, बारा जाऊ द्या, त्याला वाटू दे आपण जिंकतोय, त्याला हातातलं सगळं खाली ओतू दे, आणि मग टाकायचा. दीपगृह असतं तर तो दोन पाळ्यांत परत उभा राहिला असता. आता नाही राहणार. आता वरून येईल ते कार्ड घेऊन बसेल आंधळ्यासारखा.

हो, बरोबर विचारलंत, त्यानं सगळं ओतलंय की दोन कार्डं अजून हातात दाबून धरलीयत हे कसं कळणार — बाकी कुणाला नाही कळणार. त्याचं तोंड म्हणजे भिंत. मला कळतं. हातात काही दम नसला ना, की तो फार सभ्य होतो. खरं सांगते. चांगली कार्डं हातात असली की गप्प, एक शब्द नाही, उद्धटच वाटतो. आणि हात पोकळ असला की लगेच गोड — घ्या ना, सावकाश घ्या, काही घाई नाही. लहानपणापासून. बाबा फार तापट होते, म्हणजे माझ्यासारखेच, माझ्यात तेच उतरलंय. ते चिडून घरी आले की मी तोंडाला तोंड द्यायची, आई स्वयंपाकघरात जायची, आणि हा, एवढासा, पाण्याचा पेला घेऊन पुढे उभा. घ्या ना बाबा, सावकाश प्या. आतून घाबरलेला असायचा, पण आवाज कसा, मधासारखा. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच ना. तेच टेबलावर करतो, त्याला स्वतःलाही माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही त्याला, सांगितलं असतं तर अवघडला असता.

शब्द? शब्द हेच, सावकाश, सवडीनं, तुमच्या सोयीनं. परवाच ऐकलेत की मी. यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी फोन आला त्याचा, मी इथं मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होते. म्हणाला, ताई, दीपगृहं काढायची म्हणतायत. म्हणतायत, असं म्हणाला. मी काय ऐकून घेते? सुटलेच. म्हटलं, संघाची कल्पना ना, मग संघालाच विचार, मी दुकान बघते. तर चिडला नाही, काही नाही. म्हणाला, तू कामात असशील तर सवडीनं बोलू, ताई. काही घाई नाही. तुझ्या सोयीनं. इतका गोड बोलला, मला वाटलं बघा कसा शेफारलाय, मोठ्या माणसांची भाषा बोलायला लागला, माझ्याशी, बहिणीशी. म्हटलं, मला सवड नाही, आणि ठेवला फोन —

थांबा.

काही नाही. कागद अडकला होता, तो ओढत होते मी. काही घाई नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवशी यादी बंद होणार होती, आणि मला म्हणतो काही घाई नाही. अरे गाढवा.

नाही, तुम्हाला नाही म्हटलं. नोकरी सोडलीय हो त्यानं. उद्या जिंकला तर वर्षभर संघात जागा, नाहीतर ते लोक उभंसुद्धा करणार नाहीत दारात, आणि गोदामात काही परत घेत नाहीत. त्याला विचारायचं होतं मला. काढू का, एवढंच विचारायचं होतं. आणि मी बाबांसारखी —

एक मिनिट. तुम्ही हे 'कसं कळणार' कशासाठी विचारलंत? डेक बांधायला आलात ना तुम्ही? डेक बांधणाऱ्याला समोरच्याच्या बोलण्याशी काय करायचंय? आणि शब्दही नेमके हवेत तुम्हाला. वर बघा जरा. दुसरी उपांत्य फेरी मी बघितली नाही, म्हटलं ना मघाशी. कोण जिंकलं ती?

बोला. तुम्हीच ना?

हं. वाटलंच. नाही, माफी नका मागू, तुम्ही कुठं काय विचारलंत, मीच सांगत सुटले, माझंच तोंड फाटकं. गोगलगाईसारखे बसून ऐकत होतात, तसेच खेळत असाल, चिवट. कार्डं तिथंच ठेवा. एकही विकणार नाही मी तुम्हाला, महापूर तर नाहीच. बाहेर कुठंही मिळतील म्हणताय? मिळतील ना. जा, घ्या. यादी तुमचीही कालच बंद झालीय, आणि कार्डं तोही आता बदलू शकत नाही, ते तुम्हालाही माहितीय. पण तोंड बदलू शकतो. मी सांगणार आहे त्याला, तुमच्या देखत सांगणार आहे, उद्या टेबलावर जाताना पाण्याचा घोट तोंडात धरून बस पण सावकाश म्हणू नकोस. तुम्ही उठा. दार जोरात ओढावं लागतं, अडकतं ते.

वाजतोय. वाजतोय पण उचलत नाही बघा. — हॅलो. मी बोलतेय. — नाही रे, काम काही नाही. — दुकानातच आहे. — नाही, सवडीनं नको. नंतर नको. — नको म्हणते ना मला सोयीनं, आत्ता बोल. घाबरलायस ना? — तसं नाही, डेकचं नंतर बघू. घाबरलायस का, तेवढं सांग. — हं. — हं. कधीपासून? — बरं. बरं, रड. आहे मी, ठेवत नाही फोन. — अहो, तुम्ही अजून इथंच? जा म्हटलं ना.