भिंतीपलीकडची शिकवणी

(दुपार कलतेय. एकाच घरातल्या दोन जावा स्वयंपाकघरात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताहेत. धाकटीची मुलगी चिमी आजोबांबरोबर बागेत गेली आहे.)

धाकटी: मघापासून एकच टॉवेल घडी घालून परत उलगडताय ताई. त्याने काय घोडं मारलंय तुमचं?

थोरली: मी तुला एकदाच विचारते, खरं सांग. ते बाटली गालाजवळ धरायचं तुला कुणी शिकवलं?

धाकटी: कसली बाटली?

थोरली: साळसूद चेहरा करू नकोस. साबणाच्या फुग्यांची बाटली. गेल्या आठवड्यात आमच्या केंद्रात, उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या अभ्यासात, चिमीची शेवटची तपासणी झाली, तुमचा दोघींचा खेळतानाचा व्हिडिओ घेतला. त्यात तू बाटली गालाजवळ धरलीस, तोंड मिटलंस आणि थांबलीस. चिमीने तुझ्या डोळ्यांत बघेपर्यंत थांबलीस.

धाकटी: आई आहे मी तिची. थांबायला काय शाळा लागते?

थोरली: लागते. त्याच शाळेत नोकरी करते मी. आपणहून कुठलीच आई एवढी थांबत नाही. मूल कुरकुरायच्या आत वस्तू देऊन मोकळी होते. थांबायला शिकवण्यात माझे पहिले चार धडे जातात.

धाकटी: मग मी जरा जास्त हुशार निघाले असं समजा.

थोरली: आणि थांबताना तू पुटपुटलीस, “घाई नाही, मी इथंच आहे.” हे वाक्य कुणाचं आहे गं?

धाकटी: वाक्यावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?

थोरली: ह्या वाक्यावर माझं आहे. केंद्रातल्या सगळ्या आयांना मी हेच सांगते, डॉक्टर त्यावरून माझी चेष्टा करतात. व्हिडिओ बघून गुण देणाऱ्या मुलीला कुठलं मूल कुठल्या गटातलं ते सांगत नाहीत. ती सहज बोलून गेली की ही आई शिकवलेल्या गटातली दिसते, छान तयार झालीय. डॉक्टरांनी नाव बघितलं, तर तुझं. थांबणाऱ्या, म्हणजे अजून न शिकवलेल्या गटातलं.

धाकटी: थांबणाऱ्या गटातली बाई थांबली, तर त्यात नवल ते काय!

थोरली: हसू नकोस. काल त्यांनी मला खोलीत बोलावून घेतलं. दार लावून विचारलं, “घरी जावेला शिकवलंत का?”

धाकटी: तुम्ही काय सांगितलंत?

थोरली: एक अक्षर शिकवलं नाही म्हटलं. चिमीच्या गळ्याची शपथ घेतली.

धाकटी: माझ्या पोरीच्या गळ्याची? स्वतःचा गळा कुठे गेला होता?

थोरली: सुचेल ते बोलले. आता सांग, कुणी शिकवलं?

धाकटी: तुम्ही.

थोरली: मी? वर्षभर ह्या घरात तोंडाला कुलूप लावून बसले मी. चिमी ताटाशी येऊन माझा हात ओढायची आणि मला माहीत असायचं की आता काय करायला हवं. ताट अर्धं टाकायचे. उठून बेसिनपाशी जायचे.

धाकटी: बघितलंय ते मी. वाटायचं, बाईला काळीज आहे की दगड. परक्या बायकांना जीव तोडून शिकवते आणि माझ्याशी भाजीला मीठ कमी पडल्याच्या गप्पा मारते.

थोरली: मी बोलून बसले असते तर तुलना कसली राहिली? अर्ध्या आयांना शिकवायचं, अर्ध्यांनी वर्षभर थांबायचं. वर्षानं बघायचं, कुठली मुलं किती पुढे गेली. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटरनं ठरवलं, माझ्या हातात असतं तर—

धाकटी: असतं तर काय?

थोरली: काही नाही. कुणी शिकवलं ते सांग.

धाकटी: सांगितलं ना, तुम्ही. संध्याकाळी तुम्ही खोलीत बसून आयांना फोनवर शिकवायचात. समोरची बाई मुलाशी खेळायची, तुम्ही तिला सांगायचात, “थांबा. अजून थांबा. बघितलं त्यानं? आता द्या. शब्द एकच.” आणि मी भिंतीच्या अलीकडे चिमीला मांडीवर घेऊन बसायचे, जिवाचा कान करून. तुम्ही त्या बाईला थांबा म्हणालात की मी थांबायचे, द्या म्हणालात की द्यायचे.

थोरली: रोज?

धाकटी: तुम्ही सुट्टी घेतलीत की माझीही सुट्टी. तुम्हाला ताप आला होता तेव्हा काळजी कुणाला जास्त होती असं वाटतं? भाऊजींना?

थोरली: भिंत एवढी पातळ नाहीये.

धाकटी: नाहीच आहे. सुरुवातीला नुसती गुणगुण ऐकू यायची. कान दुखायचा, हाती काही लागायचं नाही. एकदा तर मी रडले तिथेच. त्यानंतर तुम्ही दार उघडं ठेवायला लागलात.

थोरली: उकडायचं खोलीत.

धाकटी: थंडीत? शाल पांघरून बसायचात तुम्ही.

थोरली: दार लावलं की नेट येत नाही.

धाकटी: बरं. आणि आवाज? कानात इअरफोन घालून बसणारी बाई भाषण ठोकल्यासारखी का बोलायला लागली? वर प्रत्येक गोष्ट दोन दोनदा. “परत सांगते हं, नीट ऐका.” त्या बाईला पहिल्या खेपेलाच कळलेलं असायचं ताई. एकदा ती म्हणालीही, “कळलं हो मॅडम.” तरी तुम्ही परत सांगितलंत. कुणासाठी?

थोरली: मला माहीत नव्हतं तू ऐकतेयस.

धाकटी: ताई.

थोरली: माहीत नाही असं मी स्वतःला बजावत होते. भिंतीशी तुझं रडणं ऐकलं होतं मी. दुसऱ्या दिवशी दार लावायला हात गेला आणि तसाच मागे आला. म्हटलं, उकडतंय. पुढे रोज उकडत गेलं. काल डॉक्टरांपुढे शपथ घेतली ना, तेव्हासुद्धा मला वाटत होतं की मी खरंच बोलतेय. बाहेर पडून जिना उतरताना कळलं, काय बोलून आलेय ते. कठड्याला धरून उभी राहिले.

धाकटी: बसा बघू इथं. पाणी देऊ?

थोरली: नको.

धाकटी: मग जे सांगितलंत तेच चालू द्या. तुम्ही शिकवलं नाही, मी शिकले नाही. डॉक्टर काय भिंतीला विचारायला येणार आहेत?

थोरली: नाही येणार. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय. आज निकालाची जुळवाजुळव सुरू होणार.

धाकटी: मग झालं तर. पुढच्या महिन्यात आमची पाळी. वर्ष संपलं की थांबलेल्यांना शिकवणार, असा शब्द दिलाय तुम्ही लोकांनी. समोरासमोर बसून शिकेन. भिंतीला पाठ टेकून बसेन हवं तर, कान नको लावायला.

थोरली: तिथंच तर अडलंय. मी खरं सांगितलं तर चिमीचं नाव वगळतील. नियम आहे, सुरुवातीलाच ठरलाय. नाव गेलं की पाळी गेली. नोकरीचं मी बघून घेईन गं, पण पाळी तुझ्या पोरीची आहे. म्हणून तिकडे तोंड उघडायच्या आधी तुझ्याकडे आलेय.

धाकटी: मग नका उघडू! एवढ्या मुलांत माझ्या एकटीच्या पोरीनं काय उलथापालथ होणारेय?

थोरली: मुलं फार नाहीत. आणि तुझी पोर थोडीथोडकी पुढे गेलेली नाही. थांबलेल्या गटात सगळ्यांत वर तीच आहे.

धाकटी: खरंच? सगळ्यांत वर?

थोरली: सगळ्यांत वर. बघते, मागते, “दे” म्हणते, “अजून” म्हणते. मलाही आनंद झाला, इतका झाला की लाज वाटली. आता ह्याचा अर्थ काय निघतो ते ऐक. कागदावर चिमीला कुणीच शिकवलेलं नाही. म्हणजे न शिकवता ती एवढी पुढे गेली. म्हणजे शिकवण्यानं फारसा फरक पडत नाही. ती आपोआप सुधारलेली मुलगी ठरते.

धाकटी: आपोआप?

थोरली: हो. उद्या कुणी अशा पोरीला घेऊन येईल, तर तिच्या आईला सांगतील, थांबा जरा, वर्षभरात काही मुलं आपली आपणच बोलायला लागतात.

धाकटी: हे तर सासूबाईंचं वाक्य झालं. “हिचा बाबाही उशिराच बोलला.” परवा शेजारणीला सांगत होत्या, “बघा, लागली की नाही आपोआप बोलायला! सूनबाईंनी उगीच डोक्याला ताप करून घेतला.” मी तिथंच भांडी विसळत होते. काय बोलणार? चोरून शिकवलं म्हणू? गिळलं सगळं.

थोरली: मी पण तिथंच होते.

धाकटी: आणि आता हेच तुमची शिकलीसवरली माणसं छापणार?

थोरली: त्यांच्या हातात जेवढं आहे तेवढंच ती छापणार.

धाकटी: पण तुम्हाला तर ठाऊक आहे ना, ह्या शिकवण्यानं गुण येतो! मग ही तुलना, हे गट, हवेत कशाला? माझं वर्ष का घेतलंत?

थोरली: ठाऊक नाहीये गं. वाटतं, एवढंच. मी ह्या कामाला लागले तेव्हा मुलांना खुर्चीत बसवून घोकून घ्यायचो. शब्द बोलला की खाऊ, नाही बोलला की परत पहिल्यापासून. तासन् तास. मूल रडायचं, आई दाराबाहेर रडायची, आणि आम्ही छातीठोकपणे सांगायचो, ह्यानंच होईल. काहींना झालंही. काहींनी शब्द म्हटले पण खुर्चीवरून उतरल्यावर कुणाकडे वळूनही बघितलं नाही. मग वारं फिरलं. आता सगळीकडे हेच, मूल लहान असतानाच सुरू करा, आईबापांना शिकवा, घरात, खेळता खेळता. मला पटतं. पण तेव्हाही पटलंच होतं ना? तेव्हा कुणी तुलना केली असती तर त्यातली कितीतरी मुलं खुर्चीतून लवकर सुटली असती. त्यातली काही अजून रस्त्यात भेटतात मला. मोठी झालीत. ओळख देत नाहीत.

धाकटी: एवढं पोटात ठेवून वावरत होतात?

थोरली: तुला सांगून काय करू, तू माझ्यावर आधीच रुसलेली.

धाकटी: रुसले नव्हते. चिडले होते. अजून आहे.

थोरली: राहा. हक्क आहे तुझा.

धाकटी: खरं सांगितलं तर ती आपोआप सुधारली असं कुणी म्हणणार नाही ना?

थोरली: कागदावर तरी नाही. पण पाळी जाईल. बाहेरची रांग मोठी आहे, नंबर लागेपर्यंत ती शाळेत जाण्याएवढी होईल. मला येतं तेवढं मी घरी शिकवीन, पण केंद्रातल्या तपासण्या घरी होत नाहीत, आणि माझी नोकरी गेली तर केंद्राचं दारही बंद.

धाकटी: कसली माणसं हो तुम्ही. धड खोटंही बोलू देत नाही.

थोरली: तू नको म्हणालीस तर मी गप्प बसते. खरंच बसते. आयुष्यभर बसेन.

धाकटी: माझ्या गळ्यात नका घालू हे. मला राग येतोय, कुणाचा येतोय तेही कळत नाही. आज दुपारी तिनं “अजून” म्हटलं ना, तेव्हा माझा हात दुखत होता, बाटली धरून धरून. वर्षभर दुखतोय तो हात. त्याला कुणी आपोआप म्हणायचं?

थोरली: नाही म्हणायचं.

धाकटी: लावा फोन. आत्ता लावा, मी माघार घ्यायच्या आत. आणि स्पीकरवर ठेवा. चोरून ऐकणं बास झालं.

डॉक्टर: हां, बोला. मी निघतेच आहे, पटकन सांगा.

थोरली: डॉक्टर, काल मी खोटं बोलले. जावेला शिकवलं मी. दार उघडं ठेवून, मोठ्यानं बोलून. तिनं ऐकावं म्हणून.

धाकटी: नमस्कार डॉक्टर, मी त्यांची जाऊ. त्यांनी काही शिकवलं नाही हो, मीच चोरून ऐकलं. त्यांचा काही दोष नाही.

थोरली: गप्प बस गं.

डॉक्टर: एकेक जण बोला. मुलीला शिकवलं गेलंय, एवढं खरं ना?

धाकटी: खरं आहे.

डॉक्टर: मला कालच वाटलं होतं. तुमच्या जाऊबाईंनी शपथ घेतली तेव्हा जास्तच वाटलं. म्हणून मुलीचे कागद मी पुढे पाठवले नव्हते. म्हटलं, एक दिवस थांबू.

थोरली: मग आता?

डॉक्टर: मुलीला वगळावं लागेल. तुम्ही उद्यापासून आयांचे वर्ग घेऊ नका. तुमचं पुढे काय ते समिती ठरवेल, मी बोलेन त्यांच्याशी, पण शब्द देत नाही. मला वाईट वाटतंय. तुमच्यासारखी शिकवणारी मला परत मिळायची नाही.

धाकटी: आणि चिमीची पाळी?

डॉक्टर: ती ह्या अभ्यासातल्या मुलांसाठी होती. बाहेरच्या रांगेत नाव मी स्वतः घालते. रांग लांब आहे, खोटी आशा लावत नाही.

धाकटी: बरं. पण तुमच्या त्या निबंधात तिच्याबद्दल खरं लिहाल ना? काय झालं, कसं झालं?

डॉक्टर: वगळलेल्या मुलांबद्दल आम्ही काही लिहीत नाही हो. खाली एक ओळ येते. “एक मूल वगळलं.” आणि कारण, घरी शिकवलं गेल्यामुळे.

धाकटी: तेवढंच?

डॉक्टर: तेवढंच.

धाकटी: कारण लिहाल ना पण? नक्की?

डॉक्टर: कारण लिहावंच लागतं.

धाकटी: मग “मूल” नका लिहू डॉक्टर. “मुलगी” लिहा.