एकोणतीस की एकतीस

—अगं ती नाही, त्याच्या शेजारची, लाल दोऱ्याची बरणी. दोन्ही हातांनी धर. तुम्ही—तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या भाचीएवढी आहेस, आणि या तळघरात अहो-जाहो करत बसलं की मला सर्दी होते. बस त्या स्टुलावर. डगमगतं, पण पाडत नाही. पाडलं ते एकदाच, आमच्या संग्रहालयाच्या संचालकांना, आणि तेव्हापासून मी ते दुरुस्तीला दिलेलं नाही.

वासाचं काही वाटून घेऊ नकोस, आठवडाभरात नाक मरतं. हं, तर हे आपले मासेसाहेब. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा नदीतले, इथवर आले ते डब्यातून. अंगावर खवले नाहीत, हाडाच्या पट्ट्या—चिलखतच घातलंय म्हण. आता या चिलखतवाल्यांची दोन मोठी घराणी—तुला मी काय सांगणार, तू त्यातच डॉक्टर झालीस—पण सांगतेच. एका घराण्यात दोन्ही अंगांना पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, आणि ही मंडळी वर येऊन हवा गिळतात, आतड्यातून श्वास घेतात नि उरलेली हवा मागून सोडून देतात. हसतेस काय, शास्त्र आहे! आमच्या कार्यालयातही असे दोघे आहेत, त्यांना पट्ट्या नाहीत एवढंच. दुसरं घराणं ह्यांचं—पट्ट्यांच्या ओळीच ओळी, तोंड खालच्या बाजूला, दगडाला चिकटायचं. चिकटले की सुटत नाहीत. मला इथं तेहेतीस वर्षं झाली, तेव्हा मी कुठल्या घराण्यातली ते तूच ठरव.

बाकी तुमच्या त्या वंशावळींचं मला फारसं कौतुक नाही हं, राग नको मानूस. दर चार वर्षांनी कुणीतरी येतं, सांगतं की हा त्याचा सख्खा नव्हेच, चुलत आहे. मग दुसरा येतो, म्हणतो चुलत कसला, लांबचा कुणीतरी, उगाच घरात घुसलाय—आणि मी आपली चिठ्ठ्या बदलत बसते. माशाला विचारलंय का कुणी? तो बिचारा केव्हाच मेलाय.

हो, चिठ्ठीवरचं नाव माझंच. मागे लॅटिन शेपूट लावलंय, पण आहे माझंच. सरांनी ठेवलं. सर म्हणजे माझ्या आधी ही खोली ज्यांची होती ते—चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस. आणि मासा बघ, नर! नाकाडावर केवढा मिशांचा झुबका. बहिणीनं फोटो पाहिला नि म्हणाली, ताई, साम्य आहे गं. मी सरांना विचारलं, अहो, बाईमाणसाचं नाव याला? तर म्हणाले, ‘नाव तुमचं, मिशा त्याच्या.’ तसं याच्या जातीत अंड्यांवर पहारा बाप देतो, आई मोकळी. म्हणून मी फार ताणलं नाही.

तू ते नाव पुसायला आली आहेस. माहितीये मला, तुझं पत्र वाचलंय. ही जात वेगळी नाहीच, शेजारच्या जातीत धरावी म्हणे. त्या जातीला एका ओळीत एकोणतीस पट्ट्या, याला एकतीस, एवढाच काय तो फरक. आणि यातून तुला ते डीएनए-बिएनए काही मिळायचं नाही, फॉर्मालिनमध्ये मुरलाय. म्हणजे मोजायलाच हवं. मग मोज की! मी कुठं अडवतेय? चहा घेतेस आधी? नको? बरं, हा घे चिमटा.

तेव्हाही मीच मोजल्या होत्या. मी चिमट्यानं एकेक पट्टी दाबायची, सर वहीत लिहायचे. त्या दिवशी दोन्ही हात माशात, मग चिठ्ठी बांधायचा दोरा कुठं ठेवणार? दातांत. मी म्हणाले एकोणतीस. सरांनी लिहिलं एकतीस. मधलं ‘ओण’ त्या दोऱ्यानं खाल्लं, झाली नवीन जात! …हे मी तुला का सांगितलं? जाऊ दे, आता सांगितलंच आहे तर ऐक. छापून आलं तेव्हा कळलं मला. सांगायला निघाले होते, खोटं नाही बोलत, त्यांच्या दारापर्यंत गेले. पण माझ्या नावावर दुसरं होतं काय? घर भावाचं, टेबल कार्यालयाचं. आणि इथं अख्खी एक जात! आले मूग गिळून परत.

आणि सर कसे, प्रत्येक मासा तीनदा मोजून घ्यायचे—माझे डोळे फुटायची वेळ यायची—हाच तेवढा एकदा. निवृत्त झाले त्या दिवशी ही बरणी उचलली, दिव्यापुढे धरली. ओठ हलत होते त्यांचे. मोजत होते, मला नाही का कळत? मग बरणी जागेवर ठेवली नि म्हणाले, ‘बाई, ही पुन्हा मोजू नका.’ त्यांना ते तेव्हा कळलं की पहिल्यापासून ठाऊक होतं, देव जाणे, मी विचारलं नाही. गेल्या वर्षी गेलेच ते. माझा जीव होता गं त्या माणसावर. त्यांचाही असावा. पण आम्ही दोघंही त्या चिकटणाऱ्या घराण्यातले, तोंड खाली घालून बसणारे.

झालं मोजून? अगं, चिठ्ठी सुटली बघ त्याची. बांध, बांध, हरवली तर कुणाचा कोण कळायचं नाही. हात अडकलेत? मग दोरा धर दातांत, सगळे तसंच करतात. वही दे इकडे, मी लिहिते. हं, किती? …अंहं, दोरा काढू नकोस. तसंच सांग.

एकतीस ना? बघतेस काय अशी, ऐकू आलं मला. लिहिलं. झाकण घट्ट लाव, आणि जा आता, मला कुलूप लावायचंय.