एक नंबरचा प्लॉट

बसा जरा, दोन भावांच्या वाटणीची गंमत सांगतो. नकाशे काढणाऱ्या बाईंच्या ऑफिसात एक प्लंबर, मांडीवर पाना ठेवून, आपली पाळी यायची वाट बघत होता. पुढ्यात दोघे भाऊ आणि कॉम्प्युटरवर त्यांची जागा. बाईंनी मधोमध रेघ ओढली, तसे दोन प्लॉट झाले.

"थांबा बाई! धाकट्याला एक नंबर आणि मला दोन?"

"अहो, रेघ मारली की कॉम्प्युटरच नंबर टाकतो."

"त्याला काय माहीत थोरला कोण ते! एक नंबर मलाच पाहिजे."

"घे की दादा. पण मग रेघ दोन फूट तुझ्याकडे सरकू दे."

"का म्हणून?"

"माझा जिना अरुंद होतोय रे. आईला आडवं होऊन चढावं लागेल."

"दोन फूट! बरं, घे. पण नंबर माझा! थांब, तुझ्या वहिनीला फोन करून सांगतो."

थोरला छाती काढून बाहेर गेला. बाईंनी रेघ सरकवली, तसं एकाचं क्षेत्र घटलं, दुसऱ्याचं वाढलं.

"आता नंबर बदला, बाई."

"बदलला."

"एवढ्यात?"

"त्यात काय, नुसता टाईप करायचा. रेघेशी त्याचा काही संबंध नाही. मी सांगणारच होते, पण तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

"हळू बोला, दादा येतोय! अहो पानावाले काका, त्याच्या घरचा नळ गळतो. कागद छापून निघेपर्यंत त्याला तेवढं विचारत बसा ना!"