आई, आत्या आणि प्रशांतचा लेझर

आमच्या प्रशांतच्या लेझरचं सांगतो. माझ्या बहिणीच्या हळदीला त्यानं दोन्ही बाजूंनी उघडा डबा घेतला, एका तोंडावर फुगा ताणला आणि त्यावर आरशाचा तुकडा चिकटवून हिरवा लेझर सोडला. डब्यात बोललं की आरसा थरथरायचा आणि भिंतीवर उजेडाची नक्षी उमटायची. पण आमच्या गाण्यांनी नुसतं वेडंवाकडं कडं यायचं.

माझी आई आणि आत्या माझ्या लग्नातल्या मानपानापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. आई डब्यात म्हणाली, "आत्याबाईंना सांगा, जेवून घ्या म्हणावं."

आत्यानं डबा ओढला. "वहिनीला सांगा, भूक नाही. तसली साडी दिल्यावर कोण जेवेल?"

"साडी मी स्वतः निवडली होती."

"ते दिसलंच."

दोघींची तोंडं एकाच डब्याला लागली आणि भिंतभर मोठं हिरवं फूल उमललं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रशांत म्हणाला, "काकू, रुकू नका, और जोरात."

दोघी वळून फुलाकडे बघत राहिल्या. गप्प झाल्या, तसं फूल आक्रसून नुसता ठिपका उरला.

आत्या हळूच म्हणाली, "वहिनी, बोल ना काहीतरी."