गाडीला चालणारं पाणी

माझं नाव किसन. आडनाव न्हाई लिहिलं तरी चालंल, अन् गावाचं नाव तर लिहूच नका, पोखर्णीच्या पुढं एक गाव, एवढं बास हाय. गाव आता जरा सुधारलंय, उगं कामून लाजवायचं त्याला. रझाकाराच्या टायमाला मी दुसऱ्याची ढोरं राखायचो, एवढं आठवतं, त्यावरून माझं वय तुमीच काढा. पुढं चार बुकं शिकलो, पूर्णेला रेल्वेच्या लोको शेडमधी खलाशी मनून लागलो अन् फिटर मनून रिटायर झालो. वाचायचा नाद लय. रेल्वेच्या लायब्ररीतली पुस्तकं मी पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत वाचली, छपाईवाल्याच्या पत्त्यासकट. मनून कुणी स्टेजवर रुबाबात बोलायला लागलं की मला हसू येतं, वाटतं हे आपण कुठंतरी वाचलंय, अन् तिथं बरं लिहिलं होतं.

पण तुमी गाडीचं इचारायला आलात, तर गाडीचं सांगायचं मंजे आधी बापाचं सांगावं लागतं. माझ्या बापाचं काम काय होतं, तर गाडीला पाणी पाजायचं. हसू नका, खरंच. आमच्या गावचे मालक मोठे, शेकडो एकर जमीन, त्यायनं पोलीस ॲक्शननंतर हैद्राबादच्या कुण्या नवाबाची मोटार घेतली. परदेशी बनावटीची, आठ सिलिंडरची, आत मखमल, पुढं चांदीवानी चमकणारी जाळी. लांब एवढी की वाड्याच्या दारातून वळायची न्हाई, दार तोडून मोठं केलं. गावात तिला लांबडी मनायचे. हैद्राबादला मालक ह्याच गाडीनं जायचे तवा ती वाऱ्यावानी जायची, काय तक्रार न्हाई. पण गावात वरात निघाली, मिरवणूक निघाली, गाडी माणसाच्या चालीनं चालली की उकळायची, टोपणातून वाफ, खालून पाणी. मग माझा बा बादली घेऊन गाडीच्या बरोबरीनं चालायचा अन् ती थांबली की पाणी ओतायचा. आमच्या हातचं पाणी गावात माणसाला चालत नव्हतं, गाडीला चालायचं. गाडी परदेशी, तिला आमची जात कळत नव्हती.

लोक बापाला मोटारपाण्या मनायचे. मला त्याची लय लाज वाटायची. छप्पन साली आमी बौद्ध झालो, मेलेली ढोरं ओढायची सोडली, गावचाकरीची येसकरकी सोडली, दारोदार भाकरी मागायची सोडली, बानं सगळं सोडलं पण बादली सोडली न्हाई. मी मनायचो, बा, आता ते बी सोड. तो मनायचा, ते काम न्हाई रे, ती मोटार हाय. आता ह्याला काय बोलावं.

मग अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला अन् पुढं मराठवाड्यात काय झालं ते तुमाला ठाऊक हाय. आमच्या वस्तीतली घरं जळाली, आमचं बी जळालं. कुणी जाळलं ते बी ठाऊक हाय. त्यातले काही आता मला रामराम घालतात, मी जय भीम घालतो, दोघांचं भागतं. बाला मी पूर्णेला माझ्यापाशी आणलं. तवर मालक वारले होते, त्यायची पोरं औरंगाबादला बंगले बांधून बसली, लांबडी गोठ्यात पडली, तिच्या मखमलीवर कोंबड्या अंडी द्यायल्या. धाकले मालक ती भंगारवाल्याला द्यायले असं कळलं, मी गेलो अन् मनलं, त्याच भावात मला द्या. ते हसले. मनले, किसन, हत्ती पाळायलास का? मी मनलं, मेलेला हत्ती हाय साहेब, खायला मागत न्हाई.

कामून घेतली ते मला बी नीट सांगता यायचं न्हाई. माझी बायको सुभद्रा, तिनं ट्रॅक्टरच्या मागं दोरानं बांधलेली ती गाडी दारात आलेली बघितली अन् मनली, शिलाई मशीन मागितली तर न्हाई मनलात, अन् ही भाकड म्हैस आणली. शेडमधी माझ्या जोडीला रहीमभाई मनून बॉयलरवर काम करणारे होते, ते बघायला आले, गाडीभोवती एक चक्कर मारली अन् मनले, अरे किसन, इतक्या जागेत तू दोन खोल्या बांधल्या असत्या. अन् लगेच बाह्या वर करून बॉनेट उघडलं. माणूस असा होता.

आमाला वाफेचं इंजिन ठाऊक, पिट्रोलचं नवं. पण यंत्र ते यंत्रच, काय आत जातं अन् काय बाहेर येतं ते बघत जायचं. एअर क्लिनरमधी उंदरांनी घर केलं होतं. रबरी पाईप बिस्किटावानी तुटायचे. प्लग काढले तर काजळीनं भरलेले. पिट्रोलची टाकी धुतली, त्यातून गंज निघाला, कार्बोरेटर खोलून त्यातली बारीक भोकं फुंकून साफ केली, ब्रेकचे रबर परभणीत मिळंनात मनून हैद्राबादहून आणवले. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून आमी दोघं गाडीखाली अन् बा कट्ट्यावर बसून बिडी ओढत बघायचा, बोलायचा न्हाई. वरीसभर चाललं असंल. एक दिवस ती सुरू झाली. आधी खोकली, धूर सोडला, मग असा आवाज धरला की शेजारचे टीटीई साहेब पानाचा डबा हातात घेऊन बाहेर आले. सुभद्रा मनली, झालं? आता बंद करा, दाळ शिजायलीय, धूर लागंल.

हे झालं, अन् माझ्या धाकल्या भावाचं, मिलिंदचं लग्न ठरलं. मिलिंद आमचं शेंडेफळ, पालमकडं शाळेत मास्तर होता, मुलगी बी पालमचीच, सुजाता. मिलिंद मनला, दादा, वरात आपल्या गावातून काढायची, मोठ्या सडकेनं, चावडीपुढून, अन् लांबडीतून. मी मनलं, अरे, आपलं घर तिथं राह्यलं न्हाई. तो मनला, घर न्हाई मनून तर. आमच्या माणसाची वरात त्या सडकेनं कधीच गेली नव्हती. गाडी तीच, सडक तीच, फक्त आत बसणारा बदलायचा होता.

मी गावात जाऊन पाटलाला भेटलो. पाटील सज्जन माणूस, सज्जन मंजे भांडण नको असलेला. मनले, किसनराव, न्या वरात, आमची ना न्हाई, पण जरा लवकर आटपा, चावडीपुढं रेंगाळू नका, पोरं डोक्याची गरम हायत. मंजे बगा, गाडीचं अन् गावाचं एकच मनणं होतं, हळू जाऊ नका. अन् आमाला तर हळूच जायचं होतं. वरात जोरात न्हेली तर लोक मनतील पळाले. हळू न्हेली अन् चावडीपुढं उकळून बंद पडली तर ढकलत न्यावी लागंल, न्हाईतर माझा म्हातारा बा बादली घेऊन पळंल, सगळ्या गावादेखत, पोराच्या वरातीत. मी ठरवलं, काय बी होवो, त्या दिवशी बादली दिसायला नको.

मग आमी तिच्या गरमीच्या मागं लागलो. रेडिएटर उतरवून सोड्याच्या पाण्यानं धुतला. पाण्याचा पंप खोलला, नीट होता. पंख्याचा पट्टा नवा घातला. हेड खोलून त्याचा पॅकिंग पत्रा बदलला, ते करताना माझं नख गेलं. नांदेडच्या सडकेवर जोरात पळवली की गरमीचा काटा जागचा हलायचा न्हाई. घरी आणून अंगणात नुसती चालू ठेवली की सुभद्राचा चहा व्हायच्या आत उकळायची. रहीमभाई मनले, रईस की गाडी हय भाई, हळू चालायची इसको आदत न्हाई, इसको मालकावानी मोकळी सडक लागती. मी मनलं, मालक बी गेले अन् मोकळी सडक बी गेली, आता हिला शिकावं लागंल.

एक दिवस थकून बसलो होतो अन् सहज बाला इचारलं, बा, ही नवी होती तवा बी अशीच उकळायची का?

तो मनला, न्हाई. पैल्यांदा न्हाई उकळायची.

मग कवापासून?

कडं काढल्यापासून.

कोणतं कडं? तर मनला, पंख्याभोवती पत्र्याचं गोल कडं होतं, त्याचा बोल्ट निखळला अन् खडखड वाजायला लागलं. मालकीणबाई मनल्या, हे काय बैलगाडीवानी वाजतंय, मग डायवरनं कडंच काढून फेकलं. गाडी चिडीचूप झाली, मालकीणबाई खूश झाल्या, अन् पुढच्या वरातीत ती उकळली. मग मला बादली दिली.

रहीमभाईनं पाना खाली ठेवला. एक कागद घेऊन जाळीच्या पुढं धरला अन् मला मनले, चालू कर. पंखा मागं गरगर फिरायला, अन् कागद हातातून सोडला तर खाली पडला. मंजे पंखा समोरची हवा ओढतच नव्हता, आतली गरम हवाच घुसळायला होता. गाडी पळायली की वारा आपोआप जाळीतून घुसतो, मनून तिथं काय वाटायचं न्हाई. इतकी साधी गोष्ट.

मी बाला मनलं, तुला ठाऊक होतं?

मनला, अंदाज होता.

मग इतके वर्षं सांगितलं कामून न्हाई? अन् हे वरीसभर, आमी इथं मरायलोत तवा बी?

त्यानं बिडी विझवली, नीट कानावर ठेवली. मनला, तुमी इचारलं न्हाई. अन् मालकाला सांगितलं असतं तर त्यायनं कडं बसवलं असतं. मग मला गाडीपाशी कोण येऊ दिलं असतं? तुला बादली दिसती किसन. मी त्या सडकेनं चालायचो, मालकाच्या बरोबरीनं, चावडीपुढून, पायात पायताण घालून. बादलीवाल्याला कुणी पायताण काढ मनत नव्हतं. खडी तापलेली असायची, मी पोळलो तर गाडीला पाणी कोण पाजणार.

माझं पुस्तकं वाचणं तिथं काय कामाला आलं न्हाई. मी रहीमभाईला मनलं, पत्रा बगू. तेलाचा मोठा डबा कापून आमी कडं बनवलं, खडखड नको मनून मधी सायकलीच्या ट्यूबचे तुकडे घातले. आता जाळीपुढं कागद धरला तर असा जाऊन चिकटला की हातानं सोडवावा लागला. बा कट्ट्यावरून बघायला होता. मनला, हाव, असंच होतं. अन् उठून आत गेला.

वरात उन्हाळ्यात, ऊन कलायला लागल्यावर काढली. मागं मिलिंद अन् सुजाता, मी चालवायला, माझ्या शेजारी रहीमभाई, त्यायचं काम फक्त काट्याकडं बघायचं. बाला मनलं, पुढं आमच्यासंग बस. न्हाई मनला. नवं धोतर, नवी चप्पल, अन् गाडीच्या बरोबरीनं चालायला लागला. पण हातात काय नव्हतं त्याच्या. त्या रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला उमजंना, कधी मागं बांधायचा, कधी पुढं, शेवटी एक हात दाराच्या मुठीवर ठेवला अन् तसाच चालला.

चावडीवर माणसं बसलेली होती, वळून बघायली. त्यातला एक म्हातारा मोठ्यानं मनला, काय रे मोटारपाण्या, आज बादली कुठंय? दोघंचौघं हसले. बानं मान वर केली अन् मनला, आज तिला तहान न्हाई, मालक. मग चावडी अजून हसली, पण त्या म्हाताऱ्यावर. मला तो मालक शब्द लय लागला. मनात आलं, आज तरी तो शब्द राहू द्यायचा.

अन् बँडवाले, त्यायला कोण सांगणार, नेमके चावडीपुढंच थांबले अन् आमची पोरं नाचायला लागली. पाटील घड्याळात बघायले. मी आरशातून मिलिंदकडं बघितलं. तो मनला, दादा, थांबव, नाचू दे. थांबलेली गाडी अन् चालू इंजिन, तिला सगळ्यात वाईट तेच. काटा वर चढायला लागला, रहीमभाई तोंडातल्या तोंडात काय तरी पुटपुटायले, अन् काटा अर्ध्याच्या जरा वर जाऊन थांबला. तिथंच थांबला. पोरं नाचली, पाटलाच्या नातवानं बी दोन गिरक्या मारल्या, त्याला घरच्यांनी वडून न्हेलं, अन् वरात जशी हळू आली तशी हळू पुढं गेली. एवढंच झालं. मारामारी न्हाई, काय न्हाई. वस्तीत पोचल्यावर सुभद्रानं डिकी उघडली, आहेराच्या चादरीखाली पाण्यानं भरलेले दोन डबे. मी बघितलं तर मनली, तुमचा भरोसा होता ओ, गाडीचा नव्हता.

बा जाऊन आता काही वर्षं झाली. झोपेत गेला. मी त्याला त्या मालक शब्दावरून कधी बोललो न्हाई, बरं झालं. मिलिंद हेडमास्तर झालाय, रहीमभाई हायत, गुडघे दुखतात मनून आता गाडीखाली जात न्हाईत, खुर्चीवर बसून हुकूम सोडतात.

यंदा विद्यापीठाला नाव लागलं, तवा इथं पूर्णेत बी मिरवणूक निघाली. आदल्या दिवशी काही पुढारी आले, आमचेच, पांढरे कडक कपडे, मनले, काका, लांबडी द्या, आमाला पुढं बसायचंय. मी मनलं, गाडी खोललीय. ते मनले, काल तर चालू होती. मी मनलं, हाव, आज खोलली. आता ते गेल्यावर जाऊन खोलली असं तुमी नका समजू, ते चहा पिऊस्तोवरच मी मागच्या दारानं जाऊन कार्बोरेटर काढला, हे तुमी लिहिलं तरी हरकत न्हाई. जे मार खाल्लेले, घरं जळालेले, ते चालणार अन् हे बसणार, मला ते पटंना. त्यायनं मग जीप आणली. त्यायचा इलाज त्यायच्यापाशी.

मी अन् सुभद्रा चालत गेलो, माणसांच्या मधून. लय हळू चालली मिरवणूक, माझी पाठ धरली, सुभद्राच्या चपलेचा अंगठा तुटला, कुणाच्या तरी पोरीनं मला हातात झेंडा दिला. बरं वाटलं. कार्बोरेटर अजून तसाच हाय, हे बगा, गोणपाटावर मांडलाय, जेटची बारीक भोकं साफ करून झालीत, फक्त बसवायचाय. घाई न्हाई. तुमची बस किती वाजताची हाय? मग बसा की, चहा घ्या. लिहिलेलं आधी सुभद्राला वाचून दाखवा, ती मनली बरोबर तर बरोबर. सुखात राहा.