मामांची झील

अरे, मुंजाबाची गंमत ऐका! बजाजनगरच्या थांब्यावर गडी उभा, अन् पुढं बहीण-भाऊ, भीमगीतांच्या पार्टीतले. ती गाणारी, तो इलेक्ट्रिक गिटारवाला. गिटारला लावायचं, आवाज बदलणारं पेडल आणायला निघालेले, अन् एकच घ्यायचं म्हणून जुंपलेली. मुंजाबाची कंपनीची बस समोरून गेली, पण गडी ऐकत उभा, हलला नाय!

“लीला, मी डिलेच घेणार. एकदा तार छेडली की सूर चारदा परत येतो.”

“अन् ते रिव्हर्ब?”

“त्यानं नुसता घुमतो. लेणीत गायल्यासारखा.”

“मग तेच घे की, दादा.”

“येडे, नामांतराचा जलसा हाय! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलंय, दणका नको?”

“पायजे की. पण माझी ओळ संपली की मागं कोण म्हणतं?”

“कचरूमामा. झील त्यांचीच.”

“अन् नेमकं तिथंच तुझी गिटार चारदा वाजणार. मामा कुणाला ऐकू येतील?”

“आता तरी कुठं येतात? आवाज बसलाय त्यांचा.”

“मोर्चात घोषणा देऊन देऊनच बसला ना?”

“व्हय गं... बरं, रिव्हर्ब घेतो.”

“ते मामांच्या माईकला लावता येईल का?”

“येईल. मग माझी गिटार?”

“कोरडी वाजव, बिनपेडलची. तुझी बोटं अजून धड हायेत.”

“लई शहाणी तू! अन् मामांनी इचारलं, आवाज आज एवढा कसा भरला, तर?”

“सांग, माईक नवा आणलाय.”